नाव घेतलं की ‘हाय’ म्हणायचं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात, गॅसवर दूध ठेवून, बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. दाजी एवढंच म्हणाले, “सकाळी उठलीच न्हाय गं.” पुढचं मला ऐकू आलं नाही. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं करपलं, घरभर जळका वास भरला तेव्हा कुठे मी भानावर आले... आणि डोक्यात काय यावं? अक्का असती तर तिने आधी गॅस बंद केला असता आणि मग रडायला बसली असती. सव्वा महिना झाला. अजून मी बाहेर पडताना तीनदा बटण तपासते, अर्ध्या जिन्यावरून परत वर येते, आणि शेजारीण हसते.

माहेरी आम्ही अक्कालाच घाबरट म्हणायचो. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण विहिरीत डोकवायची नाही, फटाके उडवायची नाही. तिला दिलं सांगोल्याकडे, माळावरच्या एका वस्तीवर. पंधरा-सोळा घरं, सगळी मेंढ्या-शेळ्या पाळणारी. घरांच्या मागे गुडघ्याएवढ्या गवताचा माळ, पुढे नांगरलेलं काळं रान. अंगणवाडीची सेविका म्हणून तिने तिथे उभी हयात काढली. उन्हाळ्यात मी राहायला गेले की ती सारखी मागच्या दारात जाऊन उभी राहायची. काय बघतेस म्हटलं तर म्हणायची, काही नाही, वारा बघते. मला हसू यायचं. वारा काय बघायचा असतो?

मग एका उन्हाळ्यात भर दुपारी कुणीतरी बांध पेटवला, वारा फिरला आणि माळाने पेट घेतला. त्या दिवशी वस्तीने काहीच चुकीचं केलं नाही, असं सगळे अजून म्हणतात. मेंढ्या पटापट सोडल्या, हाकत नांगरटीत नेल्या, शेळ्यांची दावी कापली. ढेकळांत उभं राहून दोघा जाणत्यांनी वेगवेगळी मोजणी केली, रोज संध्याकाळी मेंढवाड्याशी करतात तशीच. आकडा जुळला. कोकरूसुद्धा कमी नव्हतं. कुणी खाली बसलं, कुणी तंबाखू काढली... आणि अक्काने विचारलं, “आत्याबाई कुटं हायत?” आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. डोळ्यांनी अधू, मागच्या खोलीत झोपलेल्या. दाजींना वाटलं होतं अक्काने आणलं असेल. अक्का अंगणवाडीची पोरं घेऊन पळाली होती, तिला वाटलं दाजींनी आणलं असेल. मेंढरं दोनदा मोजली गेली होती, माणसं एकदाही नाही.

दाजींनी धुरातून म्हातारीला उचलून आणलं. तळपाय भाजले होते, छातीत धूर गेला होता. त्या वर्षीची दिवाळी काही तिने पाहिली नाही. पण शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न काय विचारला ठाऊक आहे? “मेंढरं समदी आली का?” रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर अक्काला सोसलं असतं. हा प्रश्न मात्र तिला शेवटपर्यंत सोसला नाही. मला सांगताना दर वेळी ती इथेच थांबायची आणि पदराने तोंड पुसायची.

त्यानंतर अक्काने अंगणवाडीचा एक कोरा हजेरीपट घेतला आणि त्यात अख्खी वस्ती लिहिली. डावीकडे नाव, उजवीकडे रकाना ‘कोण आणणार’. तान्ह्यांपासून अंथरुणाला खिळलेल्यांपर्यंत, प्रत्येकापुढे दुसऱ्या कुणाचं तरी नाव. धडधाकट गड्यांपुढेही. त्यावरून पुष्कळ थट्टा झाली, मीही केली. शिवरात्रीपासून मृगापर्यंत महिन्यातल्या एका रविवारी, ऐन दुपारी ती थाळी बडवायची. आधी धूर कुठल्या अंगाला जाईल ते बघायचं, मग आपापल्या माणसाचा हात धरून वाऱ्याला आडवं निघायचं आणि नांगरटीत गोळा व्हायचं. वनखात्याच्या गार्डला गाठून तिने घरांमागचं गवत कापून जाळरेषा काढून घेतली. शेळ्यांच्या दाव्यांना एका ओढीत सुटणारी गाठ मारायला लावली. पण जीव होता हजेरीत. नाव घेतलं की ‘हाय’ म्हणायचं, आणि शेवटचं ‘हाय’ येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

मिशा पिकलेल्या गड्यांना पोरांसारखं ‘हाय’ म्हणायची लाज वाटे. एकदा एक चुलत सासरा गंमत म्हणून गप्प राहिला, माणसांच्या मागे उकिडवा बसला. अक्काने तीनदा नाव घेतलं आणि अनवाणी, त्या उन्हात त्याच्या घराकडे धावत सुटली. आतबाहेर शोधून परत आली तेव्हा तिच्या तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता. तो हसत उभा राहिला. ती ढेकळांत बसून जी रडली... त्यानंतर हजेरीत पुन्हा कुणी चेष्टा केली नाही. पुढे आसपासच्या वस्त्याही तिला बोलावू लागल्या. ती एसटीने जायची. थाळी पिशवीत.

गेल्या दिवाळीत शेवटची भेट. डोळ्यांत मोतीबिंदू, आपलंच अक्षर तिला लागेना. म्हणाली, पट नव्याने मोठ्या अक्षरात लिहून दे. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर छापून आणते. “छापलेलं नगं. तुज्या हातचं दे.” मी पट सोबत घेतला, संक्रांतीनंतरचा वायदा केला. संक्रांत झाली, तरी मी तो उघडलाही नाही. मग तो फोन आला. हे मला कुठेतरी कबूल करायचं होतं, म्हणून हा लेख.

शिवरात्रीनंतरच्या रविवारी मी वस्तीवर गेले. भीती एवढीच होती की आता कुणी येणारच नाही. येत्या वणव्यात पुन्हा कुणीतरी मागच्या खोलीत राहील, आणि या खेपेला तो अपराध माझा असेल. अक्काच्या शेजारच्या मंगलने थाळी वाजवली. माणसं आली. रेंगाळत, पण हात धरून आली. मी तो जुना पट वाचत गेले, ‘हाय’ येत गेलं. शेवटच्या पानावर, अगदी खाली, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ‘धाकटी (आली असंल तर)’. आणि पुढच्या रकान्यात: ‘मी’.

मी पट मिटला. मंगल शेजारून वाचत होती. “ताई, एक नाव ऱ्हायलं की,” ती म्हणाली, आणि तिनेच माझं नाव घेतलं. मी मिटलेल्या पटाचे कोपरे सारखे करत राहिले. ऊन रणरणत होतं, कडेवरची पोरं किरकिरत होती, आणि वस्तीतलं एकही माणूस जागचं हललं नाही. मंगलने माझं मनगट धरलं, पुन्हा नाव घेतलं. फार वेळाने मी म्हटलं, “हाय.” तेव्हा कुठे सगळे घराकडे वळले.

आता तो पट माझ्या टेबलावर आहे. मोठ्या अक्षरात सगळी नावं उतरवून झाली, शेवटची ओळ तेवढी राहिली आहे. मंगलचा निरोप आहे, “ताई, तुमच्या नावापुढं ‘कोण आणणार’मधी माजं नाव टाका.” टाकायलाच हवं, पुढचा रविवार जवळ आलाय. सकाळपासून वारा सुटलाय आणि मी दोनदा बाल्कनीत जाऊन तो कुठून येतो ते बघून आले. पेन उघडं आहे. पण त्या रकान्यात अक्काच्या ‘मी’ऐवजी दुसरं काही लिहायला हात अजून धजत नाही...