डिंकमावशी आणि खिडकीतला कोळी

डिंकमावशीला डिंकमावशी का म्हणतात, हे विचारायची गरज नाही. तिचे हात बघितले की कळतं. अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा कायमचा. जेवायला बसली की नवरा म्हणायचा, "अगं, आधी हात धू." ती म्हणायची, "धुतलेत हो. आता हे असेच राहणार."

बावीस वर्षं ती एका बालवाडीत मदतनीस होती. मदतनीस म्हणजे काय, तर फरशी पुसायची, नाकं पुसायची, चपला जोडीनं लावायच्या, कुणी गळा काढला की कडेवर घ्यायचं आणि वर्गातल्या बाईंना कागद कापून द्यायचे. कागदोपत्री एवढंच. पण खरं सांगायचं तर त्या मुलांना मुंगी, सरडा, चिमणी, सुरवंट यातलं जे काही कळायचं, ती सगळी हिची करणी. बाई काय, येत आणि जात. कुणी सहा महिने, कुणी वर्षभर. ही मात्र तिथेच ठाण मांडून.

तिच्याकडे कशाचं काय होईल याचा नेम नसे. अंड्यांच्या ट्रेची एक ओळ कापली की सुरवंट. कागदी रोलची नळी चेपून वर दोन कान चिकटवले की ससा. कागदी बशी उलटी घातली की कासव. वाळकं पान म्हणजे मासा, त्याचा देठ म्हणजे शेपटी. गल्लीतले लोक रिकामे खोके टाकण्याआधी तिला विचारायचे, "मावशी, हे लागेल का?" आणि मावशीला सगळंच लागायचं. घरातलं अर्धं कपाट झाकणांनी आणि नळ्यांनी भरलेलं. नवरा बसचा ड्रायव्हर. तो म्हणायचा, "माझा शर्ट सापडत नाही, पण एकाच मापाची चाळीस झाकणं सापडतात." म्हणायचा खरा, पण डेपोतून येताना खिशातून दोन झाकणं हळूच काढून टेबलावर ठेवायचाही तोच.

तिची एक पद्धत होती. आधी बघायचं, मग करायचं. गोगलगाय करायची असेल, तर सकाळी कुंडीखालची गोगलगाय काचेवर सोडायची आणि सगळ्यांनी खालून बघायचं, ती सरकते कशी. मग कागदाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. तासाभरानं गोगलगाय परत कुंडीखाली. आणि मुलानं केलेल्या वस्तूला मोठ्यांनी हात लावायचा नाही, हा तर तिचा कायदाच. एकदा एका नव्या बाईंनी कुणाच्या तरी सशाचा लोंबता कान सरळ केला, तर मावशी त्यांच्यावर अशी काही उखडली की बिचाऱ्या दोन दिवस कात्रीला हात लावेनात. "त्याचा ससा आहे. त्याला ठरवू द्या कान कुठं ठेवायचा ते!"

मग नियम आला. वर्गावर बाई हवी, ती परीक्षा पास झालेलीच हवी. त्याच सुमारास लहान गटाच्या बाई सोडून जाणार होत्या. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या मावशीला म्हणाल्या, "तुम्हीच का देत नाही परीक्षा?"

मावशी खो खो हसली. सत्तेचाळिसावं वर्ष लागलेलं, आणि पुस्तक हातात धरून जमाना झाला होता. पण तिची लेक, जी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, ती हसली नाही. तिनं फॉर्म आणला, भरला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. "सही कर."

आठ महिने मावशीनं घोकंपट्टी केली. भांडी घासताना लेक प्रश्न विचारायची आणि ती नळाच्या आवाजावर ओरडून उत्तरं द्यायची. लेखी पेपरात ती पास झाली. राहिला तो एक पाठ, तपासनीस बाईंच्या समोर, मुलांना घेऊन. तो निघाला की लहान गट तिचा. नाही निघाला, तर पुन्हा वर्षानं. तोवर वर्ग दुसऱ्या कुणाला दिला जाणार, आणि मावशी पुन्हा फडकं घेऊन दारात. एवढं सगळं त्या एका पाठावर होतं.

शुक्रवारी परीक्षा घेणाऱ्या कार्यालयातून पाकीट आलं. विषय निघाला कोळी. जाळं विणणारा. मावशीला वाटलं, देव पावला! हात धुवायच्या जागेवरच्या खिडकीत तीन आठवड्यांपासून एक लांब पायांचा कोळी राहत होता. मोठ्या बाईंनी दोनदा सांगूनही तिनं तिथं झाडू फिरवला नव्हता. मुलं रोज हात धुताना त्याला बघायची. त्याच शुक्रवारी सगळ्यांनी मिळून त्याचे पाय मोजले होते. आठ.

पाकिटात छापील कागद होते. कागदावर डोक्यावर टोपी घातलेला, हसरा, गुबगुबीत कोळी. सूचना अशी, की बाईंनी नमुना करून फळ्यावर लावावा, मुलांनी तसाच रंगवावा, रेषेवर कापावा, डिंकानं चिकटवावा. पंचवीस मिनिटांत सगळ्यांचं काम पुरं व्हावं.

संध्याकाळी ती नमुना रंगवत बसली होती. नवऱ्यानं मागून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "अगं, याला पाय सहाच."

"माहीत आहे."

"सहा चाकांची बस असते. सहा पायांचा कोळी कुठला?"

"हळू बोला हो! कागद कार्यालयाचा आहे."

लेक म्हणाली, "आई, सोमवारी सरळ सांग त्यांना की चुकलंय." मावशी एकदम भडकली. "सांगू? मी? बावीस वर्षं फरशी पुसणारी मी कार्यालयाला शिकवू? एकदा पास होऊ दे मला, मग काय ते सांगेन." आणि तिनं मूग गिळून सहा पायांचा कोळी रंगवला. मुद्दाम नीट रंगवला, पण कडेपर्यंत रंग भरताना हात काही चालेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या कामाची लाज वाटली.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. किडकिडीत, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, हातात तक्त्यांची वही. मोठी खुर्ची दिली तर नको म्हणाल्या आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या. गुडघे हनुवटीला लागले, तरी चेहरा करारी. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या. समोर पंधरा मुलं.

मावशीनं नमुना फळ्यावर लावला.   पहिल्या रांगेत एक चार वर्षांची मुलगी बसायची. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, म्हणून सगळे तिला वकील म्हणायचे. तिनं मान तिरकी करून फळ्याकडं बघितलं.

"मावशी, हा आजारी आहे का?"

"का गं?"

"याचे दोन पाय कुठं गेले?"

तपासनीस बाईंनी वहीतून मान वर केली.  मावशीच्या ओठावर वाक्य तयार होतं. कागदावर आहेत तेवढेच करायचे हं बाळांनो, असं. म्हटलं असतं की झालं असतं, मुलं निमूट रंगवत बसली असती. पण पंधराही जणं आता फळ्याकडं बघतच नव्हती, तिच्याकडं बघत होती. मावशी सांगेल ते खरं, अशा खात्रीनं. त्या नजरांपुढं खोटं बोलणं तिला जमलं नाही.

तिनं नमुना फळ्यावरून ओढून काढला. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं आणि तरी मी असं केलं. चला, बघून येऊ."

पंधरा मुलं उठून हात धुवायच्या जागेकडं धावली. स्टूल ओढलं गेलं. वकीलबाई वर चढल्या, बोट हवेत फिरवत मोजू लागल्या, बाकीचे खालून सूर धरून. "एक, दोन, तीन..." आणि सातवर गाडी थांबली.

"सात!"

"नीट मोज," मावशी म्हणाली.

"नीटच मोजलेत. सात आहेत."

मावशीनं चष्मा लावला. सात. पुन्हा मोजले. सात! शुक्रवारी धडधडीत आठ होते आणि आज, नेमके आज, मेल्यानं एक पाय कुठं घालवला होता.  आठ सिद्ध करायला म्हणून ती कार्यालयाचा नमुना फळ्यावरून काढून आली होती, आणि आता हातात ना सहा, ना आठ.

"आठवा कुठं गेला, मावशी?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. खरोखरच माहीत नव्हतं. झालं, मुलं लगेच गुडघ्यांवर बसून फरशीवर पाय शोधायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा सरका बरं." तपासनीस बाई स्टुलावर चढल्या, चष्मा नाकावर ठेवला आणि ओठ हलवत मोजू लागल्या. "सातच आहेत," त्या खाली उतरत म्हणाल्या, आणि हाताची धूळ झटकली.

वर्गात परत आल्यावर मावशीनं छापील कागद उलटे केले. मागची बाजू कोरी होती. काळ्या कागदाच्या पट्ट्या, डिंक, रंगीत खडू मध्ये ठेवले. "आता ज्यानं जो बघितला, त्यानं तो करा." पंचवीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. मोठ्या बाई भिंतीवरच्या घड्याळाकडं आणि मावशीकडं आळीपाळीनं बघत होत्या. मावशीनं दोघांकडंही बघणं सोडून दिलं. तिचं चित्त पट्ट्यांवर होतं. एकेक पट्टी दुमडून पायाला गुडघा करत होती ती मुलं. लांब पायांच्या कोळ्याला असतो तसाच, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिची छाती अशी काही फुगली की परीक्षा क्षणभर विसरूनच गेली.

तपासनीस बाई टेबलाटेबलापाशी फिरल्या. सात, सात, सात. वकीलबाईंचे आठ. "हा शुक्रवारचा आहे," तिनं खुलासा केला. फिरत फिरत त्या खिडकीजवळच्या एका मुलापाशी थांबल्या. याला सगळे होयबा म्हणायचे. कुणी खडू मागितला तरी हो, पाण्याची बाटली मागितली तरी हो, आणि मग स्वतः खडूवाचून बसून राहायचा. वाईट वाटलं तरी तोंडातून नाही म्हणून निघायचं नाही. त्याच्या कोळ्याला सात पाय होते. आणि कागदाच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, एक काळी पट्टी एकटीच चिकटवलेली.

"हे काय आहे?"

"पडलेला पाय."

"पडलेला? तुला दिसला?"

"नाही. पण सात वर आहेत, म्हणजे एक खाली असणार."

तपासनीस बाईंनी तो कागद उचलला. मग मावशीकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तो छापील कोळी मी काढला आहे. चार वर्षं सगळ्या बालवाड्यांत जातोय. कितीतरी पाठ बघितले मी. कुणीही पाय मोजले नव्हते, मी धरून." त्यांनी चष्मा काढला. "हा कागद मी कार्यालयात नेते. दाखवायला."

"मला कसं सांगता?" मावशी म्हणाली. "त्याचा आहे. त्याला विचारा."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. तपासनीस बाई मात्र त्या मुलासमोर उकिडव्या बसल्या. "हा मला देशील का?"

होयबानं कागदाकडं बघितलं. मग बाईंकडं. मावशीच्या जिभेवर आलंच होतं, दे रे सोन्या, दे. वही अजून उघडी होती, आकडे भरायचे होते, तिचं सगळं नशीब त्या रकान्यांत अडकलेलं. एक शब्द टाकायचा अवकाश, की त्यानं कागद दिला असता. तिनं ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली.

"नाही," तो म्हणाला. "घरी दाखवायचाय."

तपासनीस बाई उठल्या. खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ वही भरली. नमुना, शून्य. वेळ, शून्य. छापील कागदाचा वापर, शून्य. उरलेल्या रकान्यांत मात्र होते नव्हते तेवढे सगळे गुण घातले, बेरीज दोनदा केली आणि म्हणाल्या, "काठावर निघालात. पण निघालात. अभिनंदन, बाई."

बावीस वर्षांत तिला बाई म्हणून कुणी हाक मारली नव्हती. पण ते तिच्या ध्यानात आलं दुसऱ्या दिवशी.

घरी नवरा आणि लेक दारातच उभे. तिचे लाल डोळे बघून दोघांचंही धाबं दणाणलं.

"काय झालं? गेला पाठ?"

"नाही. पास झाले."

"मग रडतेस कशाला, अगं?"

"होयबा नाही म्हणाला हो!" डिंकमावशी म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू फुटलं. "खुद्द तपासनीस बाईंना. तोंडावर. माझा होयबा नाही म्हणाला!"