भात्यामागची जागा

आमच्या जळगावच्या चर्चची माहिती देणारी एक पुस्तिका परवा टपालाने आली. त्यात ऑर्गनवर अर्धं पान खर्ची घातलंय. तो काही काळ बंद होता आणि मुंबईच्या एका कुशल कारागिराने तो पुन्हा चालू केला, असं त्यात छापलंय.

हे खोटं आहे. ऑर्गन माझ्या वडिलांनी दुरुस्त केला. मुंबईचा माणूस एकदाच आला होता, तोही ऑर्गन उभा करायला, आणि इथल्या उन्हाला कंटाळून चौथ्या दिवशी परत गेला. खोटं पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हा मी चर्चमध्ये हजर होते आणि गप्प बसले होते. म्हणून आता लिहिते.

चर्च रेल्वेच्या लोकांनी बांधलं. त्यात पहिली पेटी आली ती पायाने चालवायची, दोन पायट्यांची. तिची एक पायटी वाळवीने खाल्ली होती, तरी ती वाजायची. स्वातंत्र्य मिळालं, साहेब लोक गेले आणि पुढचे चार बाक रिकामे झाले. मागच्यांनी पुढे सरकावं असं कुणी म्हटलं नाही. काही महिन्यांनी गार्ड आणि मालधक्क्यावरचे गोव्याकडचे कारकून कुटुंबासह पुढे जाऊन बसले. आम्ही होतो तिथेच राहिलो. आमची जात चामड्याची. बाप्तिस्म्याने नाव बदललं, बाक बदलला नाही.

दुसऱ्या वर्षी नळ्यांचा ऑर्गन आला. कुठल्यातरी छावणीतलं चर्च बंद पडलं होतं, तिथून मालगाडीच्या वाघिणीत भरून पाठवला होता. स्टेशनवरून तो कापसाच्या बैलगाड्यांतून आणला. घोंगड्यांत गुंडाळलेल्या जस्ती रंगाच्या नळ्या बघून एक गाडीवान म्हणाला, "विहीर कोठे खंदतस, फादर?" फादर परदेशी होते, पण वीस वर्षं या भागात काढलेली. त्यांना खानदेशी चांगलं समजायचं. ते हसले. एवढं लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल.

ऑर्गन वाजवायच्या त्या मिशनच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. मी त्यांच्या हाताखाली शिवण शिकवत होते, तात्पुरती. बाईंचा हात चांगला होता आणि जीभ त्याहून. ऑर्गनला वारा लागतो आणि वारा भात्यातून येतो. भाता हलवायला फादरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नेमलं. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांचे चामडी पट्टे शिवायचे. त्याआधी शिंदखेड्याकडे विहिरीचं पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवल्या होत्या.

ऑर्गनच्या मागे हातभर रुंदीची बोळ होती. तिथे लाकडी दांडा आणि दोरीला टांगलेला शिशाचा गोळा, भात्यात वारा किती आहे ते दाखवणारा. भिंतीवर पेन्सिलीच्या दोन रेघा. गोळा या दोन रेघांच्या मध्ये ठेवायचा, एवढं काम. तिथून वेदी दिसत नाही, फादर दिसत नाहीत, काही दिसत नाही. तरी आबा धुतलेलं धोतर नेसून तासभर आधी जाऊन बसायचे. बाईंनी बोटं कितीही आपटली तरी आबांनी दांडा सोडला की तो ऑर्गन म्हणजे कपाट. हे बाईंना माहीत होतं आणि आबांनाही. आबांना त्या चर्चमध्ये दुसरी कुठलीच जागा नव्हती.

पहिल्याच चैत्रात भात्याचं चामडं वाळलं. घड्यांतून सूं सूं वारा सुटायला लागला. बाई वाजवता वाजवता मान वळवून म्हणायच्या, "जोरात मार रे! झोपलास का?" आबा घामाने भिजून बाहेर यायचे. मुंबईच्या माणसाने निघताना भिंतीवर इंग्रजी कागद चिकटवला होता. बाईंनी तो आबांना मराठीत वाचून दाखवला: चामड्याला तेल लावू नये, पाणी लावू नये, हात लावू नये.

आबा म्हणाले, "ज्यानी कागद लिखा, त्यानी जळगावनं ऊन देखेल नही."

"तू मोठा शहाणा," बाई म्हणाल्या. "हात लावलास तर याद राख."

आबांनी हात लावला. मोटेला लावतात तसं करडईचं तेल उकळून घट्ट केलं आणि एका दुपारी सगळ्या घड्यांना चोळून चोळून पाजलं. चूक त्यांची होती, हे स्पष्ट सांगते. मोट जाड कातड्याची आणि दोऱ्याने शिवलेली असते. तिला तेल मानवतं. भाता पातळ मेंढीच्या कातड्याचा आणि सरसाने चिकटवलेला. तेलाने सरस सुटला. राहिलेलं काम उंदरांनी केलं, त्यांना करडई आवडते. तिसऱ्या रविवारी ऑर्गनने एक ढेकर दिली आणि तो थांबला.

बाई उठून उभ्या राहिल्या. फादर वेदीवर आहेत याचंही भान ठेवलं नाही. "मोटा शिवणाऱ्याच्या हातात ऑर्गन दिला की दुसरं काय होणार!" हे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. त्यासाठीच म्हटलं होतं.

फादरांनी आबांना सांगितलं की आता बाकावर बसत जा. जुनी पायपेटी पुन्हा बाहेर काढली. आबा आमच्यात येऊन बसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. दर रविवारी मला त्यांची चीड यायची. बाईंची येणं साहजिकच होतं, पण आबांची जास्त. कागद वाचून दाखवला होता ना?

मुंबईला पत्र गेलं. उत्तर आलं, सवडीने येतो. सवड काही झाली नाही. आणि हिवाळ्यात चर्चच्या सणाला बिशपसाहेब येणार असं ठरलं. पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, आबा रिकामे होते. ते फादरांकडे गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. फादरांनी किल्ली दिली आणि म्हणाले, बाईंना एवढ्यात सांगू नका.

आबा धुळ्याला गेले. तिथे एक म्हातारा मेंढीचं कातडं तुरटीत कमावायचा. पांढरं, मऊ, लुगड्यासारखं घडी होणारं. ते घेऊन आले. जुनं चामडं सोलून काढलं. लाकडात तेल मुरलं होतं, त्यावर सरस धरेना. खडूची भुकटी लावली, खरवडली, पुन्हा लावली. शेवटी रंधा मारला. हवा ओली, सरस वाळेना, म्हणून शेगडी पेटवून ठेवायची आणि शेजारी बसून राहायचं. घड्यांचे नमुने मी वर्तमानपत्राच्या कागदावर कापून दिले. त्यांना चौकोनापलीकडे काही कापता येत नव्हतं.

"आबा, बाईंना कळलं तर माझी नोकरी जाईल."

"तुनी नोकरी सुईनी शे. सुई कोठेबी भेटस."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! आणि तेल लावताना ही अक्कल कुठे होती?"

त्यांनी मान वर केली नाही. सरस ढवळत राहिले. मग म्हणाले, "तेल मोटले."

कबुली म्हणायची तर एवढीच: तेल मोटेला, भात्याला नाही. एक नमुना सरसात असा चिकटला की निघेना. मी ओरडले. ते म्हणाले, राहू दे, कागदानं वारा जात नही. त्याच्यावर कातडं बसवून मोकळे झाले.

सणाच्या आधी दोन दिवस फादरांनी बाईंना बोलावलं. बाईंनी एक पट्टी दाबली. थांबल्या. मग सगळ्या नळ्या उघडून दोन्ही हातांनी सूर धरला. खिडकीच्या काचा थरथरल्या. सूं सूं कुठे नव्हती. आबा मागच्या बोळीत होते, मी दारात.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. आणि फादरांना, "भाता हाच मारणार का?"

"हाच," फादर म्हणाले.

सणाच्या सकाळी चर्च भरलं. पहिलं गीत छान झालं. त्यानंतर बाईंनी बिशपसाहेबांसाठी स्वागताचा कागद वाचला, आधी इंग्रजीत, मग आमच्यासाठी मराठीत. इंग्रजी मला पुरतं कळत नव्हतं, पण ऑर्गन आणि मुंबई हे शब्द एका वाक्यात आलेले कळले. मी फादरांकडे पाहिलं. फादर स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. मग तेच मराठीत आलं. इथल्या अज्ञानाने बिघडलेला आपला ऑर्गन मुंबईच्या कारागिराच्या हातून पुन्हा गाऊ लागला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकांनीही वाजवल्या. त्यांना खरं माहीत होतं.

बाई ऑर्गनशी जाऊन बसल्या. दुसरं गीत सुरू झालं. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीला सूर खाली घसरायला लागला. म्हैस बसते तसा, आधी पुढून, मग मागून. मग नुसत्या पट्ट्यांची खटखट.

"मार!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मार की रे!"

ऑर्गनच्या मागून आवाज आला. चढा नाही, पण स्वच्छ.

"मुंबईना माणूसले बलावा आते, भाता हानाले."

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. बिशपसाहेबांनी फादरांकडे वाकून विचारलं, तो काय म्हणतोय? मी वर सांगितलं की फादरांना खानदेशी चांगलं येत होतं. फादर म्हणाले, म्हातारा दमलाय.

आबा बोळीतून बाहेर आले. बहुतेकांनी त्यांना ऑर्गनच्या बाजूने बाहेर येताना पहिल्यांदाच पाहिलं असेल. मधल्या वाटेने सरळ दारापर्यंत गेले, घाई केली नाही. माझ्या बाकाशी आले तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. मी उठले नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती.

झाली नाही. जूनमध्ये बाईंनी शिवणाला दुसरी शिक्षिका घेतली. मी धुळ्याला गेले, तिथे शिवणाचे वर्ग मिळाले. सुई कोठेबी भेटस, हे आबांचं खरं ठरलं याचा मला राग आला होता. अजून येतो.

आबांनी पुन्हा दांडा धरला नाही. फादर दोनदा घरी येऊन गेले, एकदा केळ्यांचा घड घेऊन. आबांनी केळी वाटून टाकली आणि नाही म्हणाले. भाता हलवायला रेल्वेचा एक खलाशी आला, आणि आबांचं कातडं त्याच्या धसमुसळ्या हाताखालीही टिकलं. आणि आबा पुढच्याच रविवारी पहिल्या बाकावर जाऊन बसले. एका गार्डची बायको चटकन सरकली. उठा म्हणायची हिंमत कुणाची झाली नाही, बाईंचीही नाही. मरेपर्यंत ते तिथेच बसले, आणि कुणाशी बोलले नाहीत.

पुस्तिका मिळाल्यावर मी चर्चला पत्र टाकलं. उत्तर आलं की जुन्या जाणत्यांच्या सांगण्यावरून मजकूर घेतला आहे, पुरावा असल्यास कळवावा.

पुरावा आहे. भात्याच्या पहिल्या घडीच्या आत, कातड्याखाली, मराठी वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटलेला आहे. कात्री माझी, वाकडा कोपरा माझा. ज्याला शंका असेल त्याने उघडून बघावं. उघडताना कातडं फाटेल. ते पुन्हा कसं बसवायचं, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मी सांगणार नाही.