अंधाराचा सातबारा

माझी नात हिंजवडीत संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. एका खेळातल्या काल्पनिक राज्यासाठी तिने अख्खा धर्म रचला: उजेडाची देवी, अंधाराचा स्वामी, दोघांचे उपास, दोघांची देवळे. तिच्या साहेबांनी विचारले, यात देव एक की दोन? धर्म एकेश्वरी की द्वैती, हे सोमवारपर्यंत ठरले नाही तर तो खेळातून वगळला जाणार होता. तिची चार महिन्यांची मेहनत त्यात होती. शनिवारी ती कासार आंबोलीला आमच्याकडे आली आणि माझ्याकडे निकाल मागू लागली.

माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयात न्यायाधीश म्हणून गेली. तोंडी विनंतीला मी दाद देत नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठीही मी पत्र देतो आणि पोच घेतो. तिला मी लेखी अर्ज करायला सांगितले. तिने तो मोबाईलवर पाठवला. सही नसल्याने मी तो नामंजूर केला.

सही झाल्यावर, रविवारी दुपारी, मी सात पानी निकाल दिला. दिवसावर देवीची वहिवाट, रात्रीवर स्वामीची. कोणी कोणाची परवानगी घेत नाही. सबब देव दोन, धर्म द्वैती.

नातीचा चेहरा उतरला. "पण आजोबा, रात्र त्याला देवीनंच दिलीय."

ही बाब अर्जात का नव्हती, असे मी चढ्या आवाजात विचारले.

ज्यांच्याकडून आम्ही ही जागा घेतली ते शेजारचे शेतकरी ओट्यावर बसून सारे ऐकत होते. ते म्हणाले, "रावसाहेब, आमच्या शिवंवर म्हसोबा हाय. भात लावायच्या आदी त्याला नारळ देतो. न्हाई दिला तर भ्या वाटतं. म्हून सातबाऱ्यावर मालक म्हणून त्याचं नाव लावलंय का आमी?"

वहिवाट म्हणजे मालकी नव्हे, हे मी जन्मभर पक्षकारांना सुनावत आलो. तीच चूक आता माझ्या सहीनिशी सातव्या पानावर होती.

मी शुद्धिपत्र काढले: मालक एकटी देवी, अंधार तिचे कूळ, सबब धर्म एकेश्वरी.

"पण कसेल त्याची जमीन ना, आजोबा? उद्या त्यानं मालकी मागितली तर?"

मी संतापून कूळकायद्याचे पुस्तक शोधू लागलो. शेजारी हसू दाबत म्हणाले, "व्हय की. लई वर्सं रात कसतोय त्यो."

सोमवारी तिने लिहून दिले: धर्म एकेश्वरी; अंधाराचा मालकीचा दावा प्रलंबित. साहेबांना तो दावाच इतका आवडला, की धर्म तर राहिलाच, खेळाची कथाही त्यावरच बेतली गेली.

माझा रद्द निकाल मात्र तिने टाकून दिला नाही. त्या राज्यात आता एक पाखंडी पंथ आहे. तो दोन देव मानतो आणि माझी सात पाने पवित्र ग्रंथ म्हणून वाचतो. रद्द दस्तऐवजाचा असा वापर सर्वस्वी बेकायदेशीर असल्याचे मी तिला पत्राने कळवले आहे. पोच आली. या वेळी सही आहे.