आखाजीच्या सकाळचा क्लॅम्प

मी ईएमईमध्ये होतो, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि जळगावला पिंप्राळ्यात घर केले. शेवटचे डोंगरी पोस्टिंग उत्तरेकडे, रिकव्हरी डिटॅचमेंटवर होते. रस्त्यात बंद पडलेली गाडी जागेवर चालू करायची, नाहीतर ओढून न्यायची. सोबत नायक गोकुळ, एरंडोलचा. मला उस्ताद म्हणायचा आणि माझ्या घाईची टिंगलही करायचा.

गोकुळ आता नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या घरी पितर म्हणून मी बसतो. आमच्या खानदेशात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने एकाला जेवू घालतात. तो जेवल्याशिवाय घरात कोणी ताटाला हात लावत नाही. गोकुळची माय तर चहाही घेत नाही, आणि तिला शुगर आहे.

या आखाजीला सकाळी गाडी काढायला गेलो, तर खाली कूलंटचे हिरवे थारोळे. बॉनेट उघडले. रेडिएटरचा रबरी होज क्लॅम्पच्या कडेला चिरला होता. नवा होज घरात होता, सुटे भाग बाळगायची सवय गेलेली नाही. पण जुना निघेना. क्लॅम्प स्क्रूचा नव्हता. पत्र्याची पट्टी, तिला वर आलेला एक कान, आणि तो कान कंपनीतच दाबून कायमचा आवळलेला.

पकडीने ओढला. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला. पकड सटकली आणि अंगठ्याजवळ कापले. खाली प्लास्टिकची नळी. ती तुटली असती तर गाडी दोन दिवस जागची हलली नसती.

"एसटीने जा ना," बायको दारातून म्हणाली.

"आज एसटीत पाय ठेवायला जागा आहे का? सगळ्या लेकी माहेरी निघाल्यात."

"मग गाडीशी भांडू तरी नका."

फोन वाजला. गोकुळचा धाकटा भाऊ.

"नाना, कोठे शेतस तुम्ही? मायनी चहा बी पिधा नही."

"तिला खायला घाल. माझं नाव सांग."

"ती ऐकस का?"

फोन ठेवला आणि पुन्हा पकड उचलली. माझा स्वभावच तसा, अडले की जोर लावायचा.

डोंगरावरही तेच केले होते. ॲम्ब्युलन्स वळणावर उभी, आत जखमी जवान, इंजिनातून वाफ. वरून दगड सुटत होते. रेडिओवर एकच घोष चालू होता.

"केज्युअल्टी सीरियस. मूव्ह फास्ट. ओव्हर."

"होज लीक. काम चालू. ओव्हर."

मी असाच दाबलेला क्लॅम्प ओढत होतो. गोकुळने माझा हात बाजूला केला.

"उस्ताद, वढू नका. पहिले तिना कान कापा. पट्टी मंग सोताच सुटी जाई."

त्याने बारीक कानस घेतली. दगड पडत असताना तो माणूस शांतपणे कान घासत बसला. कान तुटला, पट्टी उलगडली. नवा होज चढला, पाणी भरले. ऑर्डर आली, एक मेकॅनिक ॲम्ब्युलन्ससोबत.

"तुम्ही जा. मी टूल्स आवरीसन येस," गोकुळ म्हणाला.

पुढच्या वळणावर मागून आवाज आला. डोंगर आमच्या रिकव्हरी गाडीवर उतरला होता. ॲम्ब्युलन्स थांबली नाही, थांबायची ऑर्डर नव्हती. जवान वाचला. गोकुळला दुसऱ्या दिवशी बाहेर काढले. टूलबॉक्स बंद केलेला होता. मला त्या टूलबॉक्सचा अजून राग येतो.

पिंप्राळ्यात मी पकड खाली ठेवली. कानस आणली. नळीला धक्का न लावता नुसता कान घासत राहिलो. मन एरंडोलला, हात इथे. अखेर कान तुटला आणि पट्टी बोटानेच निघाली. नवा होज, स्क्रूची क्लिप, कूलंट. इंजिन चालू करून पाहिले. थेंब नाही.

एरंडोलला पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. माय चुलीपुढे बसून होती, ओठ कोरडे पडलेले.

"इतला उशीर का व्हयना भाऊ?"

"गाडी बिघडली होती, माय."

दरवर्षी मी पाहुण्यासारखा स्वच्छ होऊन पाटावर बसतो. या वेळी साबण तीनदा लावला तरी नखांतले काळे निघेना, वर अंगठ्याला चिंधी. मी पुन्हा मोरीकडे वळलो. तिने माझे दोन्ही हात धरले आणि पालथे करून पाहिले.

"राहू दे. त्याना हात बी असाच राहेत. बठ."

तिने कपाळाला कुंकू लावले, खापरावरची पुरणपोळी वाढली. आमरस मला सोसत नाही. गोकुळला दोन वाट्या लागायच्या. मी दोन्ही संपवल्या. मग मायने आपले ताट पुढे ओढले.