कालव्याकाठच्या पुड्या आणि ताईचे गुडघे

हा ब्लॉग एका दिवसाच्या सहलींचा आहे. गड, धरणं, देवळं, मिसळ. या वेळची सहल गुडघ्यांसाठी होती, आणि तिकडे जायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

ताईचा फोन आला तेव्हा मी वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात कठडा धरून उभी होते. लिफ्ट बंद होती आणि माझे गुडघे दोन मजल्यांतच बोलायला लागले होते. मी पंचावन्नची, ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती खडकीला राहते. भावजी गेले, मुलगा बेंगळुरूला. नोकरीची सगळी वर्षं तिनं कारखान्याच्या पॅकिंग खात्यात सिमेंटच्या फरशीवर उभं राहून काढली, आणि गेली काही वर्षं ती भाजी आणायलाही रिक्षा करायची.

"मंजू, मी काल होळकर पुलापर्यंत चालत गेले," ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. पण नाही. लोणी काळभोरच्या पुढे कालव्याकाठी एक अण्णा झाडपाल्याची पुडी देतात, ती चारेक महिने घेतेय म्हणाली. कॉलनीतल्या तीन बायकांनाही तिनं तिकडे नेलं होतं. "आता तुला नेते. बुधवारी गाडीतळावर भेट."

जायची वाट सोपी आहे. वारज्याहून स्वारगेट, तिथून हडपसर गाडीतळ, आणि पुढे सोलापूर रस्त्यानं बस. सकाळी लवकर निघा, हडपसरनंतर ट्रकांच्या मागे बस रांगत जाते. खायचं गाडीतळावरच उरकून घ्या. तिथल्या एका टपरीवर पोहे झकास मिळाले, चहा मात्र पाणचट होता.

ताई समोरून आली आणि मी तिला ओळखलंच नाही. रस्ता ओलांडताना ती जवळजवळ धावत होती. चेहरा भरलेला, गोल, गाल लालसर. मी म्हटलं, "अगं, किती तुकतुकीत दिसतेस."

"भूकही सपाटून लागते," ती खुशीत म्हणाली. पोह्यांची दुसरी बशी तिनंच मागवली. तिच्या हातांवर जागोजागी निळे डाग होते. कशानं झाले विचारलं तर म्हणाली, हल्ली जरा कुठे लागलं की असं होतं.

फाट्यावर उतरून उसाच्या कडेकडेनं कच्च्या रस्त्यानं चालावं लागतं. ताई पुढे, मी मागे. कालव्याच्या भरावावर पत्र्याची शेड होती आणि शेडबाहेर ही मोठी रांग. नऊवारीतल्या बायका, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मोटारीतून उतरवलेल्या एक आजी. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या गुडघ्याला पट्टा.

अण्णा खुर्चीत बसले होते. एकेक जण पुढे जाई. अण्णा विचारत, "गुडघा?" तो मान हलवी. अण्णा पुड्या देत. गुडघ्याला हात लावणं नाही, चालून दाखवा म्हणणं नाही, साखर आहे का, रक्तदाब आहे का, काही नाही. आमच्या पुढच्या माणसानं विचारलं, "यात काय काय असतं?" अण्णा म्हणाले, "इश्वास असतो."

आमची पाळी आली आणि पुड्या संपल्या. "आठ दिसांनी या. नवीन कुटायचं हाय." ताईचा चेहरा पडला. तिच्याजवळच्या पुड्याही आदल्या दिवशी संपल्या होत्या. पुन्हा यायचंच आहे तर आठ दिवस माझ्याकडे राहा, असं म्हणून मी तिला वारज्याला घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी ती गप्प होती. अंग दुखतंय म्हणाली. गुडघे पूर्वीपेक्षा जास्त ठणकायला लागले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. मी चहा घेऊन गेले तर ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि उभी राहायला निघाली ती सरळ खाली घसरली. अंग गार, घामानं भिजलेलं. मला ओळखत होती, पण शब्द ओढून ओढून येत होते. शेजारच्यांनी गाडी काढली.

जवळच्या इस्पितळात तिचा रक्तदाब लागेना. तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातांवरचे डाग पाहिले आणि मला विचारलं, "पुडी कुठली घेतात या?"

मी पुडीबद्दल अवाक्षरही बोलले नव्हते.

त्यानं सांगितलं ते मी भिंतीला टेकून ऐकलं. असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं सूज आणि दुखणं झपाट्यानं उतरतं, माणूस पळायला लागतो. त्यानंच चेहरा असा गोल होतो, कातडीवर निळे डाग पडतात, साखर चढते. पण शरीरात आपलं आपण तयार होणारं तसंच द्रव्य हळूहळू बंद पडतं. मग पुडी अचानक थांबली की शरीराजवळ काहीच उरत नाही. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," तो म्हणाला. ताईला पूर्वी कधी साखर नव्हती. आता ती भरमसाट वाढलेली निघाली.

मला सर्वांत जास्त धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. तिला वाचवायला शिरेतून तेच औषध द्यावं लागलं. मग घरी आल्यावर गोळ्या, आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीत बेतानं कमी करत न्यायच्या. म्हणून कोणी असली पुडी घेत असेल तर घाबरून स्वतःच्या मनानं बंद करू नका. पुडी टाकूनही देऊ नका, ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

ताई सावरल्यावर आम्ही तिच्या गुडघ्यांसाठी खडकीजवळच्या एका हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ताईनं जुन्या एक्स-रेंचं जाडजूड पाकीट टेबलावर ठेवलं.

"पाकिटाला चालता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही चालून दाखवा."

त्यांनी तिला चालवलं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला लावलं, झोपवून दोन्ही गुडघे वाकवले, खुबाही फिरवून पाहिला. खुब्याचं दुखणंही कधी कधी गुडघ्यात जाणवतं म्हणे. पूर्वी कधी पाय मुरगळला होता का, असं विचारलं. ताईला तरुणपणी स्कूटरवरून पडल्याचं आठवलं. आईचे गुडघेही असेच होते. वजन, उभ्याची नोकरी, जुनी इजा, वय, घराणं, सगळं थोडं थोडं साठत आलं होतं. उभ्यानं काढलेला नवा एक्स-रे आला, त्यात उजव्या गुडघ्यातल्या हाडांमधली फट जवळजवळ मिटलेली, म्हणजे झीज तिथं जास्त. आणि ताईचा दुखायचा तो डावा.

"मग उजवा का दुखत नाही?" ताईनं विचारलं.

"चित्र आणि दुखणं यांचं नेहमी जमतंच असं नाही. म्हणून मी आधी माणूस बघते."

"वंगण संपलंय ना माझं? सगळे तेच सांगतात."

"तुम्ही काय शिलाई मशीन आहात का? सांध्यातली कूर्चा विरते, हाड बदलतं, आणि दुखतं म्हणून आपण बसून राहिलो की मांडीचे स्नायूही जातात. मग सगळा भार सांध्यावर."

इथं मी गार झाले. दुखतं म्हणून फिरणं मीही वर्षभर बंद केलं होतं, आणि त्याला विश्रांती म्हणत होते.

त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम शिकवला, वजन उतरवायला सांगितलं, वरून लावायचं मलम दिलं. पुडी सुटल्यापासून ताई काठी घेऊन चालायची, तीही दुखऱ्या बाजूला धरून; ती त्यांनी उजव्या हातात दिली. हे सगळं करूनही झोप उडण्याइतकं दुखायला लागलं तर शस्त्रक्रिया आहेच, पण आधी साखर आटोक्यात हवी. बाहेर आल्यावर ताईनं एक्स-रेंचं पाकीट माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्या गुडघ्याला हात लावणारी ही पहिली डॉक्टर. बाकीचे म्हणायचे, वय झालं."

गोळ्या सुटल्यावर तिनं पुन्हा लोणीला जायचं काढलं. मी नको म्हटलं. "मी माणसं नेलीत तिकडे," एवढंच ती म्हणाली. पुन्हा तोच रस्ता, पण आता ती सावकाश चालत होती, काठी टेकत.

रांग तेवढीच होती. ताई एकेकापाशी थांबून सांगत गेली. एक म्हातारे म्हणाले, "तुमाला नाय मानवलं, आमाला मानवतंय. कशाला अडवता?" निवृत्तांपैकी एकानं तोंड फिरवलं. कोणीतरी विचारलं, कुठल्या कंपनीच्या वतीनं आलात. अण्णांनी शेडमधून पाहिलं आणि पुन्हा पुड्या द्यायला लागले.

आम्ही परत निघालो तेव्हा मागून हाक आली. पारूबाई नावाची एक शेतकरीण होती. चेहरा गोल, गाल लालसर, हातांवर निळे डाग. तिनं रांग पुरी करून पुड्या घेतल्याच होत्या. त्या पदरात धरून ती म्हणाली, "ह्या घ्यून येते. डॉक्टरला दावा." आम्ही तिघी एकाच बसनं हडपसरला आलो आणि तिथल्या दवाखान्यात गेलो. तिचीही साखर वाढलेली निघाली.

आता मी घरी आहे आणि रोज टॉवेल दाबते. जिना अजून दुखतो, पण मी तो रोज चढते. त्या रांगेतलं कोणी मूर्ख नव्हतं, हे मनातून जात नाही. सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या डॉक्टरनं दोन मिनिटांत वाटेला लावलेलं होतं.

काल ताईचा फोन आला. तिनं नेलेल्या तीन बायकांपैकी दोघींच्या पुड्या डॉक्टर हळूहळू सोडवतायत, आणि त्या रोज तिच्या हॉलमध्ये व्यायामाला येतात. तिसरी अजून बुधवारी लोणीला जाते.

"मी समजावायला गेले की दार लावते," ताई म्हणाली. "जिन्यात भेटली की माझ्यासमोर भराभर चढून दाखवते. मंजू, तिचा चेहरा गोल व्हायला लागलाय गं."