सूर्य मावळायच्या आत

आमच्या शेजारच्या मंजूभाभींचा समुद्रावर राग आहे. लग्नानंतर एकदाच त्यांनी तो पाहिला आणि "एवढं पाणी, पण प्यायच्या कामाचं नाही" म्हणून पाठ फिरवली. नेमक्या त्याच समुद्रावर त्यांची लेक चेलना पीएच.डी. करतेय. चाळीसगावच्या कापडदुकानातली पोरगी, साड्यांच्या घड्या घालता घालता कुठून तिला हे वेड लागलं, देव जाणे!

विषय तिनेच मला समजावला होता. हिवाळ्यात आपल्याकडचं कोरडं गार वारं अरबी समुद्रावर जातं. वरचं पाणी आटतं, अधिक खारट होतं, गारठतं, जड होऊन खाली बसतं आणि आतल्या आत दूर निघून जातं. ते कुठे आणि किती तयार होतं हे मोजायला ती जानेवारीत जहाजावर गेली.

भाभी जैन, त्यांचा चोविहार. सूर्य मावळला की तो उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. निघताना चेलना म्हणाली, "मम्मी, तुझा सूर्य मावळायच्या आत मीही जेवेन. आपण सोबतच बसलोय असं समज."

जहाज पार पश्चिमेला, तिथे अजून चांगलं ऊन असायचं. तरी पोरगी चाळीसगावच्या वेळेला ताटावर बसायची आणि फोनवर एकच शब्द धाडायची, 'बसले'. तो आला की भाभी पहिला घास घ्यायच्या. पण मोजणीचं यंत्र पाण्यात सोडलेलं असलं की तिला जागचं हलता येत नसे आणि निरोप येत नसे. सूर्य जायचा आणि भाभी वाढलेलं ताट झाकून उठायच्या.

मी चिडायचे. "भाभी, जेवी ल्या ना! तिले काय समजाव शे?"

"समजायला नकोच," त्या म्हणायच्या. "एकटीला घास उतरत नाही हो."

मार्चमध्ये चेलना घरी यायला निघाली. भाभींनी दुपारपासून दालबाटी मांडली, दोन ताटं घासूनपुसून ठेवली. आणि गाडी मनमाडच्या अलीकडे अडकली! ऊन ओट्यावरून उतरायला लागलं तसा फोन आला, "मम्मी, मी डबा उघडते. तूही बस."

भाभी फोन कानाला लावून जेवल्या. मला रडू आलं, त्यांना नाही.

चेलना पोचली तेव्हा दिवे लागले होते. इतक्या दिवसांनी लेक दारात, आणि दोघी जेवून मोकळ्या. भाभी नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सकाळी दूध आणायला निघाले तर मायलेकी एका शालीत ओट्यावर, सूर्याची वाट बघत. गार वारं सुटलं होतं.

"हे तुझ्याच समुद्राकडे जातं ना?" भाभींनी विचारलं.

"जातं."

"जाऊ दे. आज तिथे पाणी मोजायला कोणी नाही."

ऊन चांगलं वर आल्यावर ओट्यावरच दोन ताटं शेजारी शेजारी लागली. भाभींनी घास उचलला आणि सवयीने फोनकडे पाहिलं.

चेलना त्यांच्या कानाशी वाकली. "बसले, मम्मी."