पेवाच्या दगडाखालची हाक

दगड हलत नव्हता आणि दगडाखालून माझा लेक हाक मारत होता.

"आई, दार लागलंय. उघडंना."

मी अंगणात पालथी पडून दगडाला कान लावला होता. कडेचा चुना उकरून उकरून नखांतून रक्त आलं होतं. माझी सून रेखा मागून खांदे धरून ओढत होती – "आत्याबाई, उठा, काय करायलात? कोण न्हाय तिथं!" खाली पेव होतं, कित्येक वर्षं बंद. आणि माझा लेक दत्ता त्या घडीला समुद्रापलीकडं, परक्या देशात, एका लष्करी तळावर कामाला होता.

मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नव्हे. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी यायची. चिंचेवर काहीतरी दिसतं म्हणणाऱ्याला मी सांगायची, आधी चष्म्याचा नंबर बघून ये. शाळा चौथीपर्यंत झाली. हे टाइप केलंय माझ्या नातीनं, दत्ताच्या मुलीनं. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं. कुणाला असा अनुभव आला असेल तर सांगा... कीव करू नका, ती नको आहे.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खणलेला रांजणच म्हणा – तोंड लहान, पोट मोठं. त्यात ज्वारी भरायची, वर दगड ठेवून लिंपून टाकायचं. उघडल्यावर कुणीही लगेच आत उतरत नाही. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत जायचं नाही. कोंडलेली हवा जड असते, ती तळाला बसते. उभ्या माणसाला काही होत नाही असं वाटतं, आणि खाली वाकला की तो वर येत नाही.

दुसरी रीत याहून कडक. आत कुणी पडला तर त्याच्यामागं उतरायचं नाही. सख्खा असला तरी नाही. मी नवी नवरी होते तेव्हा माझा धाकटा दीर कंदील न सोडताच उतरला आणि पडला. त्याला काढायला चुलतदीर उतरला. दोघांनाही दोरीनंच वर काढलं. त्यानंतर सासऱ्यांनी दगड चुन्यानं पक्का केला. मी पुढं त्यावर सांडगे वाळत घालायची.

दत्ता हे सगळं ऐकत मोठा झाला. ड्रॉइंगचा डिप्लोमा केला, सोलापुरात नोकरी केली, मग तिकडं गेला. तळ एका देशाचा, जमीन दुसऱ्याच देशाची, आणि काम करणारे आमच्यासारख्यांची पोरं. जुन्या इमारती पाडून नव्या करायच्या – जवानांच्या खोल्या, स्वयंपाकघर, दवाखाना, गोदामं. नकाशे काढायचे आणि कामावर उभं राहायचं, हे त्याचं. आत फोटो काढायला बंदी. म्हणून सुट्टीला आला की कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं काढून दाखवायचा.

"हे त्यांचं जेवणघर. हजार माणूस एका वेळी बसतंय."

"आन् भांडी कोण घासतंय?"

"मशीन."

"मग तुझ्या बायकोला तिकडंच घेऊन जा की," मी म्हणाले. रेखा आतून म्हणाली, "मी तयारच हाय, तुमीच सोडंनात."

शेवटच्या सुट्टीत त्यानं एक जमिनीखालची खोली काढून दाखवली. "आई, हे बघ, आपलं पेवच." जुनं गोदाम होतं. आग लागली तर नळ्यांमधून गॅस सुटतो, आग गुदमरून विझते आणि लोखंडी दार आपोआप लागतं.

"आत माणूस असला तर?"

"आधी भोंगा वाजतो, तवर भाईर यायचं."

"आन् न्हाय आला भाईर तर?"

"म्हणून तर नवीन करायलोय ना ते," तो हसला. "आतून उघडणारं दार बसवणार हाय. नकाशा माझाच हाय."

तो परत गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी हे झालं.

सकाळची भांडी झाली होती. मी दगडावर फडकं पसरून सांडगे घालायला बसले आणि मांडीखालून कुणीतरी ठोकलं. मला वाटलं घूस असेल. मग हाक आली. घूस "आई" म्हणत नाही.

आवाज लांबून येत नव्हता. तो दगडाला चिकटून येत होता, तोंडावर फडकं धरून बोलावं तसा. मी रेखाला ओरडले, फोन लाव त्याला. तिनं लावला. लागला नाही. पुन्हा लावला. ती दगडाला कान लावून बसली, तिला काही ऐकू येईना. माझ्याकडं अशी बघायला लागली की मला कळलं, म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटतंय. वाटू दे म्हणलं.

तेवढ्यात शेजारचे शिवलिंगअप्पा काठी टेकत आले. दोन्ही कानांनी अधू माणूस, दारात बँड वाजला तरी विचारेल लग्न कुणाचं. ते अंगणात आले आणि थांबले. म्हणाले, "वैनी, आत कोण खोकतंय?"

रेखा पांढरीफटक पडली. आणि पळत जाऊन पहार घेऊन आली.

ती दगडाच्या सांध्यात पहार घालत होती आणि मी दगडाशी बोलत होते.

"दत्ता, कुठं हायस?"

"खाली. दार आपोआप लागलं. गॅस सुटलाय. गुरुंग पडलाय."

गुरुंग त्याच्या हाताखालचा नेपाळी. दत्ताच्या बोलण्यातून मला माहीत होता.

"तू उभा हायस का?"

"व्हय. डोकं गरगरायलंय. बसू का जरा?"

"बसू नको! बसलास तर मेलास. वर चढ. काय हाय तिथं?"

"लोखंडी मांडणी."

"तिच्यावर चढ. पार छतापर्यंत. तोंड वर ठेव, खाली वाकू नको."

काहीतरी खणखणलं. मग बराच वेळ खोकला. मग तो म्हणाला, "आई, गुरुंग खालीच हाय."

"त्याला सोड."

"त्याला दोन लेकरं हायत."

"तुला बी एक हाय. सोड त्याला. कोण बी भाईरून दार उघडंस्तवर वाकायचं न्हाय. कळलं का? दत्ता, कळलं का?"

रेखा माझं एकटीचंच बोलणं ऐकत होती. पहार तशीच धरून ती उभी राहिली.

खालून आवाज आला, "व्हय."

एवढंच. त्यानंतर काही नाही. दगड निसटला तेव्हा अप्पा आणि रेखा वाकून बघायला गेले, मी दोघांनाही मागं ढकललं. लांबूनच बॅटरी मारली. आत कुजका कडबा, माती, कोळ्यांची जाळी. माणूस नाही, माणूस राहील अशी जागाही नाही.

संध्याकाळी कंपनीतून फोन आला. रेखानं घेतला.

गुरुंगचा फोन बऱ्याच दिवसांनी आला, दवाखान्यातून. तो हिंदीत बोलत होता, मी माझ्या मोडक्या हिंदीत. त्यानं जे सांगितलं ते असं. जुन्या वायरी काढताना गॅस सुटला. भोंगा वाजला, पण दार आधीच लागलं. धुराच्या वेळी जमिनीला नाक लावून झोपायचं असं त्यांना शिकवलं होतं. तो घाबरून तसाच झोपला. त्याची शुद्ध जात-येत होती. त्यानं बघितलं की दत्ता मांडणीवर चढलाय, पार वर, छताला डोकं लावून.

"साहब दीवार से बात कर रहे थे, अम्माजी. अपनी भाषा में. मुझे लगा गॅस चढ़ गई है."

"क्या बोला वो?"

"समझ में नहीं आया. आखिर में बोले – व्हय. फिर नीचे उतर आए."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मुझे कंधे पे उठाया. ऊपर चढ़ाया. मैं गिर जाता, तो अपने बेल्ट से बाँध दिया मुझे. फिर खुद चढ़ने लगे... हाथ नहीं पकड़ पाए."

मग तो रडायला लागला. मी त्याला म्हणाले, रोना बंद कर, लेकरांचं बघ. त्यानं विचारलं, "अम्माजी, साहब किससे बात कर रहे थे?" मी म्हणाले, मला काय माहीत.

त्याला मी काय सांगू? मी दत्ताला सांगत होते की गुरुंगला मरू दे? तसंच सांगत होते. आज परत तो आवाज आला तर परत तेच सांगीन. लेक माझा होता. त्यानं व्हय म्हणून माझं तोंड बंद केलं आणि स्वतःला पाहिजे तेच केलं. लहानपणापासूनचीच खोड त्याची.

गुरुंगनं सांगितलेली वेळ आणि आमच्या अंगणातली वेळ जुळते. रेखानं लावलेले फोन तिच्या मोबाईलमध्ये आहेत. त्या खोलीत कुणाचाही फोन चालत नव्हता, आत न्यायलाच परवानगी नव्हती. एका जाणत्या मास्तरांनी मला समजावलं की आईच्या मनाला आधीच कळतं. मी त्यांना म्हणाले, मग शिवलिंगअप्पाच्या कानाला कसं कळलं? ते चहा पिऊन गेले.

त्या खोलीत दोघं अडकले होते. गुरुंग जगला.